जुना सांगाडा, नवी चाके

ठाणे शहराच्या एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर. पूर्व द्रुतगती महामार्गावरील कॅडबरी जंक्शनपासून पोखरण रस्ता क्रमांक १ डोंगराच्या दिशेने निघतो. जे. के. ग्राम, वर्तकनगरचा नाका आणि त्यापुढची वस्ती मागे टाकून हा रस्ता उपवन तलावाकडे जातो. तलावाच्या परिसरातून वर चढणारी वळणांची वाट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात शिरते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या जंगलाची पलीकडची बाजू बोरिवलीकडे उतरते. अलीकडच्या बाजूला येऊरचे आदिवासी पाडे आहेत. सकाळच्या वेळी या वाटेवर चालणारे, धावणारे आणि सायकल चालवणारे असे तीन प्रकारचे लोक भेटतात. सायकलस्वारांसाठी ही वाट जणू परीक्षा केंद्रच आहे. नाक्यापासून तलावापर्यंत सायकल सुरळीत चालते. तिच्यात काय दुखते आहे, हे येऊरच्या चढावर कळते.

वर्तकनगर ही कष्टकरी आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची वस्ती म्हणून वाढली. येथील म्हाडाच्या जुन्या, कमी उंचीच्या इमारतींनी दोन-तीन पिढ्यांचे संसार पाहिले. जवळच वागळे इस्टेटचे कारखाने होते आणि जे. के. ग्रामला रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती. त्या काळात पाळीवर जाणाऱ्या माणसाला सायकल हा चैनीचा विषय नव्हता, ती घरातील कमावती वस्तू होती. आज गिरणीच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहिले आहेत आणि जुन्या वसाहतींच्या जागीही उंच इमारती येत आहेत. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करायची वेळ येते, तेव्हा जिन्याखालच्या अंधारातून, पोटमाळ्यावरून आणि गॅलरीच्या कोपऱ्यातून विसरलेल्या वस्तू बाहेर येतात. त्यांत अनेकदा एक सायकल असते. कुणा काकांनी तरुणपणी हौसेने घेतलेली, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल असलेली, पातळ टायरची रोड सायकल. भंगारवाला दारात उभा असतो. सायकल त्याच्या हातगाडीवर चढवायची की ठेवायची, याचा निर्णय घरातल्यांना तेव्हाच घ्यावा लागतो.

पुष्कळ घरांत हा निर्णय भावनेच्या भरात होतो. ‘आजोबांची आठवण’ म्हणून सायकल ठेवली जाते. हवा भरून, तेल घालून नातू तिच्यावर स्वार होतो आणि थेट येऊर गाठतो. बिघाड नेमका तेथेच होतो. गिअर असलेल्या जुन्या रोड सायकलींचा एक नेहमीचा, जवळजवळ ठरलेला आजार म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल मोडणे. चढावर स्वार पायडलवर उभा राहून जोर लावतो, ‘कट’ असा आवाज येतो, चाक डोलू लागते आणि रिम एका बाजूच्या ब्रेक शूला घासू लागते. चाक आवळून धरणारी मधली सळई शाबूत असेल, तर चाक निखळत नाही. पण पुढचा प्रवास पायीच करावा लागतो.

हा एक्सल मोडण्यामागे नशिबाचा काही भाग नाही. जुन्या रचनेत गिअरच्या चक्रांचा जुडगा, म्हणजे फ्रीव्हील, हबवर आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. एक्सलला आधार देणारे उजवीकडचे बेअरिंग या जुडग्याच्या आतल्या बाजूला राहते. त्यामुळे बेअरिंगपासून सांगाड्याच्या टोकापर्यंत एक्सलचा मोठा भाग आधाराविना पुढे आलेला असतो. पाच चक्रांचे सहा आणि सहाचे सात झाले, तसा हा निराधार भाग लांबत गेला. स्वाराचे वजन आणि चेनचा ताण त्यावर रोज पडतो. एक्सल आधी किंचित वाकतो, मग त्याच्यावर बारीक चीर पडते आणि एके दिवशी तो मोडतो. जपानमधील साकाई येथे १९२१ मध्ये सुरू झालेल्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहबची रचना बाजारात आणली. तिच्यात उजवीकडचे बेअरिंग सांगाड्याच्या टोकाजवळ सरकले आणि एक्सल मोडण्याचे प्रमाण पुष्कळच कमी झाले. जुन्या सायकलीला नवा भाग बसवायचा तो कशासाठी, याचे उत्तर या एका उदाहरणात मिळते. जुन्या रचनेतील ज्या दोषाचा उपाय पुढच्या पिढीने शोधून ठेवला आहे, तो दोष आठवणीखातर जपण्यात शहाणपण नसते.

तुटलेल्या सायकलीपुढे तीन वाटा असतात. पहिली भंगाराची. दुसरी संग्रहाची. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय हे या दुसऱ्या वाटेचे सुंदर उदाहरण आहे. तेथे जुन्या सायकली त्यांच्या मूळ रूपात पाहायला मिळतात. संग्रहासाठी होणाऱ्या दुरुस्तीत मूळ कंपनीचा दिवा, मूळ घंटी, मूळ सीट यांना मोल असते, कारण ती सायकल एका काळाची साक्ष देणार असते. तिसरी वाट वापराची. या वाटेवर सायकलीने पुन्हा रस्त्यावर उतरायचे असते, पावसात थांबायचे असते आणि उतारावर स्वाराचा जीव सांभाळायचा असतो. या दोन दुरुस्त्यांची गल्लत केली, की संग्रहाची वस्तूही बिघडते आणि स्वारही धोक्यात येतो. म्हणून पहिला पान्हा हाती घेण्यापूर्वी, सायकल पाहण्यासाठी ठेवायची आहे की चालवण्यासाठी, हे घरात बसून ठरवलेले बरे.

चालवायची ठरली, तर आधी सांगाडा तपासावा लागतो. सर्व भाग उतरवून, मळ पुसून, उजेडात प्रत्येक जोड पाहावा. रंगाखाली फोड आले असतील, तर आत गंज धरला आहे असे समजावे. ठाण्याचा पाऊस मुसळधार आणि हवा खाडीकाठची. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सायकलीच्या नळीत पाणी साचलेले असू शकते. हँडलखालची आडवी आणि तिरपी नळी जेथे पुढच्या नळीला मिळते, तेथे आतल्या अंगाला रंगावर सुरकुती दिसली, तर सायकल केव्हातरी समोरून आदळलेली असते. पुढचा चिमटा वाकलेला वा चिरलेला असेल, तर तो टाकूनच द्यावा. चिमटा तुटला तर स्वार तोंडावर पडतो. तेथे काटकसरीला जागा नाही. मात्र पोलादी नळ्या सरळ आणि जोड निरोगी असतील, तर अशा सांगाड्याला वयाची फारशी बाधा नसते. बेल्जियमचे एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापण्याचा विक्रम केला, तो पोलादी सांगाड्याच्या सायकलीवरच.

सांगाडा पास झाला, की खरा हिशेब सुरू होतो. एक मोडका एक्सल बदलायला निघालेला माणूस एकामागून एक भाग बदलत जातो, असा पुष्कळांचा अनुभव असतो. याला दुकानदाराची हाव कारणीभूत असतेच असे नाही. सायकलीचे भाग मापांच्या साखळीने एकमेकांना बांधलेले असतात. एक माप बदलले, की शेजारचे हलते. फ्रीहबचे नवे मागचे चाक घेतले, तर ते बहुधा ‘७००-सी’ या मापाचे मिळते. त्याच्या रिमवर टायर जेथे बसतो, तेथील व्यास ६२२ मिलिमीटर असतो. जुन्या गिअरच्या रोड सायकलीचे चाक पुष्कळदा ‘२७ इंची’ असते आणि तो व्यास ६३० मिलिमीटर भरतो. दूधवाल्याच्या किंवा पोस्टमनच्या काळ्या सायकलीचे २८ इंची चाक आणखी वेगळे, ६३५ मिलिमीटरचे. इंचांची ही नावे फसवी आहेत. टायरच्या कडेला ‘२८–६२२’ असे आकडे छापलेले असतात. त्यांतील पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा हा व्यास सांगतो. खरेदीला जाताना कागदावर हाच आकडा लिहून न्यावा.

व्यासात ८ मिलिमीटरचा फरक, म्हणजे त्रिज्येत ४ मिलिमीटरचा. याचा अर्थ ब्रेकचे शू ४ मिलिमीटर खाली आणावे लागतात. जुन्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा असेल, तर काम फुकटात होते. नसेल, तर लांब हातांचे नवे ब्रेक घ्यावे लागतात. पुढचे चाकही त्याच मापाचे घ्यावे, हे ओघाने आले. हा खर्च अनेकांना जड वाटतो. पण त्याच्या बदल्यात एक मोठी गोष्ट मिळते. जुन्या चाकांच्या रिमा पुष्कळदा चकाकणाऱ्या पोलादाच्या असतात. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकची पकड फारच कमी होते. नव्या रिमा ॲल्युमिनियमच्या असतात आणि भिजल्यावरही त्या बऱ्याच लवकर थांबतात. श्रावणातल्या सरीत येऊरचा उतार उतरणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढची अडचण रुंदीची. सहा-सात चक्रांच्या जुन्या सांगाड्यात मागच्या दोन टोकांमधील अंतर १२६ मिलिमीटर असते. रिम-ब्रेकच्या नव्या रोड हबला १३० मिलिमीटर लागतात. पोलादी सांगाडा असेल, तर तो थंड अवस्थेत, बेताबेताने, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर फाकवता येतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर हा प्रयोग करू नये आणि कार्बनच्या बाबतीत तर विचारही करू नये. दोन्ही बाजू सारख्या फाकल्या की नाही, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. मागच्या एका टोकाला सुतळी बांधावी, ती पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून बांधावी आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचे अंतर पट्टीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली, तर सांगाडा सरळ आहे. दोन रुपयांच्या सुतळीत होणारी ही तपासणी महागडी यंत्रेही वेगळ्या रीतीने करत नाहीत.

पायडल जेथे फिरतात, त्या मधल्या भागात एक जुना इतिहास दडलेला आहे. सांगाड्याच्या या आडव्या नळीत पाडलेले आटे पुष्कळ सायकलींत ‘बीएसए’ मापाचे असतात: नळीची रुंदी ६८ मिलिमीटर, आट्यांचा व्यास १.३७ इंच आणि एका इंचात २४ आटे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका बनवणाऱ्या या इंग्लिश कंपनीने पुढे सायकली बनवल्या आणि तिच्या आट्यांचे माप जगभर रूढ झाले. त्यामुळे जुन्या सांगाड्यातील सुट्या गोळ्यांचे, दर पावसाळ्यानंतर ग्रीस मागणारे बेअरिंग काढून तेथे नवे बंदिस्त बेअरिंग बसवता येते. एवढे लक्षात ठेवावे, की उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने तो कप सोडवायला जाणारा तो अधिकच आवळत राहतो. शिवाय परदेशातून आलेल्या काही जुन्या फ्रेंच आणि इटालियन सायकलींचे आटे वेगळे असतात. त्यांत बीएसए मापाचा भाग जबरदस्तीने फिरवला, तर चांगला सांगाडा कायमचा वाया जातो.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. १९८० च्या कायद्याने या दोन्हींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे दोन्ही बंद पडले. १९५१ मध्ये सोनिपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलस सायकल्सच्या साहिबाबादच्या कारखान्यातील उत्पादन ३ जून २०२० रोजी थांबले; तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. कारखाने गेले, नावे पुसली गेली. तरीही त्यांच्या सायकली चालू शकतात. कारण त्यांची मापे एका कंपनीच्या मालकीची नव्हती. लुधियानात बनलेली बेअरिंगची गोळी आणि जपानमध्ये बनलेली चेन त्याच मापांच्या भाषेत बोलते. आज घरातील पुष्कळ वस्तू त्यांच्या कंपनीने भाग देणे बंद केले, की निकामी ठरतात. जुनी सायकल या बाबतीत दीर्घायुषी आहे. ती आपल्या निर्मात्यावाचूनही जगू शकते.

राहिलेल्या भागांत काय ठेवावे आणि काय टाकावे, याचा नियम साधा आहे. घासून झिजणाऱ्या आणि जीव धरून ठेवणाऱ्या गोष्टी नव्या घ्याव्यात. केवळ आकार देणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात. चेन मोजून पाहावी. चांगल्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. तेच साडेबारा नव्हे, पण १२ इंच आणि एक अष्टमांश भरले, तर चेन बदलायला हवी. चेनची पट्टी ताणली जात नाही, आतल्या खिळ्या झिजतात आणि लांबी वाढते. झिजलेल्या चेनने मागच्या चक्रांचे दातेही झिजवलेले असतात. म्हणून जुन्या चक्रांवर एकटी नवी चेन टाकली, तर ती चढावर उड्या मारते. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली, त्यांची आवरणे, ब्रेकचे शू, टायर आणि ट्यूब या सर्व वस्तू नव्याच हव्यात. गिअरच्या केबलीचे आवरण ब्रेकला कधीही लावू नये. त्याच्यातील तारा लांबीच्या दिशेने असतात आणि ब्रेकच्या जोराने ते आवरण फाटू शकते. सांगाडा, सीटखालची दांडी, हँडल चिरले नसल्यास हँडल, झीज नसल्यास क्रँक आणि नळीवर बसवलेले गिअरचे जुने खटके मात्र ठेवता येतात. हे खटके ‘टक्-टक्’ आवाज करत ठरावीक घरात बसत नाहीत. केबल बोटाने हवी तेवढी ओढतात. त्यामुळे सात चक्रांऐवजी आठ आली, तरी त्यांचे काही अडत नाही.

काम पूर्ण झाले, की लगेच डोंगर गाठण्याची घाई करू नये. पहिली फेरी वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर घ्यावी आणि दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून पाहावेत. नव्या चाकांचे स्पोक पहिल्या काही फेऱ्यांत सैलावतात. तेव्हा चाकाचा आउट पुन्हा काढून घ्यावा. क्रँकचे बोल्ट आणि हँडलचा बोल्ट पुन्हा आवळावेत. दुसरी फेरी उपवन तलावापर्यंत. त्यानंतरच येऊर, आणि तेही सकाळच्या उजेडात, कारण रात्री हे जंगल बिबट्याचे असते. चढावर बसून पायडल मारताना चेनचा आवाज ऐकावा. उभे राहून जोर लावताना मागचे चाक ब्रेकला घासते का, ते पाहावे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत खंडाळ्याचा घाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. येऊरचा चढ त्यापुढे लहान आहे. तरीही दुरुस्त झालेल्या सायकलीची आणि स्वाराची ओळख पक्की व्हायला तो पुरेसा आहे. उतरताना मात्र वेग बेताचाच ठेवावा. वर चढलेल्या सायकलीचे कौतुक होते. खरी कसोटी ती उतारावर कशी थांबते, यातच असते.

इतके भाग बदलल्यावर ती आजोबांची सायकल उरली का, असा प्रश्न घरात कुणीतरी विचारतोच. चाके नवी, चेन नवी, ब्रेक नवे, बेअरिंग नवे. पण स्वाराच्या शरीराचा कोन ठरवणाऱ्या नळ्या जुन्याच आहेत. आजोबा ज्या ठेवणीत वाकून बसत, त्याच ठेवणीत नातू बसतो; वळणावर सायकल झुकते ती पूर्वीसारखीच. सांगाड्याने आपला स्वभाव ठेवला आणि झिजणारे तेवढे सोडून दिले. सभोवतालच्या वर्तकनगरकडे पाहिले, तर तेथील इमारतींना हे भाग्य लाभलेले नाही. त्या पायासकट जातात. राहतात ते रस्ते: नाक्यावरची वळणे, तलावाकडे जाणारी वाट, डोंगराकडे चढणारा उतार. वस्तीचा सांगाडा म्हणायचा तर तो हाच. नव्या मनोऱ्यात राहायला गेलेल्या कुटुंबाला जुन्या घराची भिंत दाखवता येत नाही, पण तीच वाट त्याच सायकलीने चालून दाखवता येते.

जाणकार लोक अशा सायकलीबरोबर एक छोटी वही ठेवतात. रिमचे माप, मागच्या टोकांतील अंतर, आट्यांचा प्रकार, सीटच्या दांडीचा व्यास, चेन कोणत्या महिन्यात बदलली, अशा नोंदी तिच्यात असतात. पुढचा बिघाड होईल तेव्हा, आणि तो होईलच, दुकानात अंदाजाने बोलावे लागत नाही. नातवाच्या हाती सायकल देताना ही वहीही द्यावी आणि पहिली नोंद त्यालाच करायला सांगावी. ज्याने एकदा सुतळी ताणून सांगाडा मोजला, तो मुलगा ती सायकल सहसा भंगारात जाऊ देत नाही.